नामाची शेपटी आणि नामाचा सोबती

मुलांस मातृभाषा व इंग्रजी यांखेरीज आणखी एखादी युरोपीय भाषा शिकवावी, असे वाटणारी कुटुंबे आमच्या मध्यमवर्गात आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. बहुतेकांची धाव फ्रेंच अथवा जर्मन भाषेकडे असते. परंतु संगीताच्या वा चित्रकलेच्या ओढीने म्हणा, किंवा घरातील कोणी नोकरीनिमित्त मिलानकडे जाऊन राहिले आहे म्हणून म्हणा, इटालियन भाषेकडे वळणारी मुलेही अधूनमधून आढळतात. ही हौस वाईट आहे असे कोण म्हणेल? दान्तेची भाषा आमच्या मुलांनी अवश्य शिकावी. आमची तक्रार हौसेविषयी नाही. ती हौस ज्या रीतीने पुरविली जाते तिच्याविषयी आहे. त्या रीतीचे खरे स्वरूप पहिल्याच धड्यात, म्हणजे नामांचे लिंग व वचन शिकविताना, उघडे पडते. म्हणून त्या एका धड्याविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. ते काहीसे कटु वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

हा धडा कसा असतो ते आधी सांगितले पाहिजे. मुलांसाठी निघणाऱ्या बहुतेक पुस्तिका इंग्रजीत असतात आणि इंग्रज अथवा अमेरिकन मुलांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांत एका पानावर निळ्या रंगाचा मुलगा व दुसऱ्या पानावर गुलाबी रंगाची मुलगी काढलेली असते. मुलाभोवती निळ्या अक्षरांत 'लीब्रो' म्हणजे पुस्तक, 'गात्तो' म्हणजे मांजर, असे ओकारान्त शब्द; मुलीभोवती गुलाबी अक्षरांत 'कासा' म्हणजे घर, 'पोर्ता' म्हणजे दार, असे आकारान्त शब्द. नियम दोन ओळींचा: शेवटी 'ओ' असेल तर शब्द मुलगा, 'आ' असेल तर मुलगी, अनेकवचन करावयाचे तर 'ओ'चा 'ई' करावा आणि 'आ'चा 'ए' करावा. लीब्रो–लीब्री, कासा–कासे. मूल अर्ध्या तासात हे पाठ करते, आईबाप समाधान पावतात, आणि शिकविणारे गृहस्थ किंवा बाई पुढील धड्याकडे वळतात. आमचे म्हणणे असे की, या अर्ध्या तासात मुलास जे मिळाले त्याहून जास्त त्याच्याकडून काढून घेतले गेले. ते कसे, हे क्रमाने पाहू.

पहिला दोष असा की, येथे लिंग म्हणजे स्त्रीपुरुषभेद अशी समजूत मुलाच्या डोक्यात भरविली जाते. ही समजूत व्याकरणाच्या दृष्टीने चुकीची आहे, एवढे तर कोणीही संस्कृत शिकलेला मनुष्य सांगेल. एकाच पत्नीस संस्कृतात 'दार' म्हटले तर शब्द पुल्लिंगी आणि तोही बहुवचनी, 'भार्या' म्हटले तर स्त्रीलिंगी, आणि 'कलत्र' म्हटले तर नपुंसकलिंगी. म्हणून घरातील बाई काही तीन वेळा बदलत नाही. इटालियन भाषेतही तसेच आहे. 'सेंतिनेल्ला' म्हणजे पहारेकरी, 'ग्वार्दिया' म्हणजे रक्षक, 'स्पिया' म्हणजे हेर. हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, मग काम करणारा मिशा पिळणारा शिपाई का असेना. उलट उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेस 'सोप्रानो' म्हणतात, तो शब्द परंपरेने पुल्लिंगी. निळ्या-गुलाबी पुस्तिकेने या शब्दांस कोणता रंग द्यावा?

बरे, संस्कृत दूर राहिले. ज्या मुलास हा धडा द्यावयाचा ते मराठी मूल घरात काय बोलते? खुर्ची मोडली, टेबल मोडले, पंखा मोडला. यांपैकी खुर्ची ही बाई आहे आणि पंखा हा बुवा आहे असे त्याच्या स्वप्नातही कधी आलेले नसते. थोरल्या काकांविषयी बोलतानाही 'ती व्यक्ती आली' असे आपण बेधडक म्हणतो, आणि काकांचा अपमान होत नाही. परक्या भाषांतून आलेल्या शब्दांचेही तसेच. बस आली, ट्रक आला. ही लिंगे कोणत्या शिक्षकाने शिकविली? शब्दाचे लिंग हा शब्दाचा स्वभाव आहे, वस्तूचा देह नव्हे, हे सूक्ष्म ज्ञान मराठी मुलाजवळ पाचव्या वर्षी तयार असते. त्याला ते बोलून दाखविता येत नाही, इतकेच.

इंग्रज मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या भाषेत लिंगभेद आता केवळ सर्वनामांत उरला आहे, आणि तेथे तो बहुधा खरोखरच स्त्रीपुरुषभेदास धरून चालतो. पुस्तकास 'तो' व घरास 'ती' म्हणावयाचे, हे त्या मुलास मोठे अघटित वाटते. त्याची समजूत घालण्यासाठी कोणी रंग काढले, चित्रे काढली, तर ती सोय त्याच्यापुरती क्षम्य मानू. परंतु ज्याला तो रोगच नाही त्याला ते औषध कशासाठी? आमच्या मुलांस प्रथम इंग्रज मुलांचे अज्ञान शिकवावयाचे आणि मग त्या अज्ञानावर उतारा द्यावयाचा, असा हा द्राविडी प्राणायाम चालू आहे.

दुसरा दोष याहून व्यावहारिक आहे. नामाचे लिंग त्याच्या शेपटीवरून, म्हणजे अन्त्य स्वरावरून, ओळखावे असे हा धडा सांगतो. शेपटी अगदीच खोटे बोलते असे आम्ही म्हणत नाही. ओकारान्त नामे बहुतेक पुल्लिंगी आणि आकारान्त बहुतेक स्त्रीलिंगी असतात, हे खरे आहे, आणि वाटेवरची खूण म्हणून त्याचा उपयोगही आहे. परंतु खूण म्हणजे वाट नव्हे. मुलास पहिल्या आठवड्यात लागणारा 'हात' हाच शब्द घ्या. तो 'मानो', ओकारान्त असून स्त्रीलिंगी. कारण लॅटिन भाषेतील 'मानुस' हा त्याचा पूर्वज स्त्रीलिंगी होता. 'फोतो' आणि 'रादियो' हेही स्त्रीलिंगी. कारण ते लांब स्त्रीलिंगी शब्दांचे तोडलेले तुकडे आहेत. (आम्ही मराठीत फोटो काढला म्हणतो आणि रेडिओ बिघडला म्हणतो, म्हणजे आमच्याकडे येऊन त्यांनी लिंग बदलले.) उलट 'प्रोब्लेमा' व 'तेमा' हे आकारान्त असून पुल्लिंगी, कारण ते ग्रीक भाषेतून आलेले मूळचे नपुंसकलिंगी शब्द आहेत, आणि 'पोएता', म्हणजे कवी, हाही पुल्लिंगी. त्यांची अनेकवचने प्रोब्लेमी, तेमी, पोएती अशी होतात. दोन ओळींचा नियम पाठ केलेले मूल 'इल मानो' आणि 'ला प्रोब्लेमा' म्हणणार, आणि मग त्याला ते चुकले म्हणून सांगणार. चूक मुलाची नव्हे, नियम देणाराची आहे.

कोणी म्हणेल, हे अपवाद आहेत. ते मागाहून सांगता येतील. ठीक. मग एकारान्त शब्दांचे काय करावयाचे? त्यांच्याविषयी शेपटी काहीच बोलत नाही. 'पाने' म्हणजे पाव, 'लात्ते' म्हणजे दूध, 'मारे' म्हणजे समुद्र, 'सोले' म्हणजे सूर्य, 'काने' म्हणजे कुत्रा, 'फ्योरे' म्हणजे फूल, हे सारे पुल्लिंगी. 'नोत्ते' म्हणजे रात्र, 'नेवे' म्हणजे बर्फ, 'कार्ने' म्हणजे मांस, 'कियावे' म्हणजे किल्ली, हे सारे स्त्रीलिंगी. अनेकवचन दोन्हींचे ईकारान्त: फ्योरी, नोत्ती. पाव, दूध, सूर्य, समुद्र आणि रात्र यांस अपवाद म्हणून बाजूला ठेवावयाचे, तर मुलाने बोलावयाचे तरी कशाविषयी?

मग लिंग राहते कोठे? ते नामाच्या शेपटीत राहत नाही, नामाच्या सोबत्यात राहते. इटालियन नाम बहुधा एकटे हिंडत नाही. त्याच्या पुढे उपपद चालते. पुल्लिंगी एकवचनी नामापुढे 'इल', आणि काही विशिष्ट व्यंजनांपूर्वी 'लो'. स्त्रीलिंगी नामापुढे 'ला'. अनेकवचनात पुल्लिंगी 'ई' अथवा 'ल्यी', आणि स्त्रीलिंगी 'ले'. इल पाने, ला नोत्ते, ला मानो, इल प्रोब्लेमा. उपपद ऐकताच लिंगाचा निकाल लागतो. शेपटीची साक्ष काढण्याचे कारणच उरत नाही. मागे विशेषण आले की तेही तीच साक्ष देते. 'ला मानो बियांका', म्हणजे गोरा हात: नाम ओकारान्त राहिले तरी विशेषणाने 'आ' घेऊन त्याचे लिंग उघड केले.

आता मराठीकडे पाहा. हात, वाट, घर. तिन्ही शब्द सारखेच अकारान्त. शेपटीवरून कोणाचे लिंग कळते? परंतु तो हात, ती वाट, ते घर म्हटले की सर्व स्पष्ट झाले. आमच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक शब्दापूर्वी तो, ती, ते लावून पाहा म्हणून सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांस इटली नकाशावर दाखविता आली नसती. परंतु इटालियन भाषेचे लिंग शिकविण्याची खरी युक्ती त्यांच्याजवळ होती. आणि हे साम्य वरवरचेही नव्हे. 'इल' व 'ला' ही उपपदे लॅटिनमधील 'इल्ले' व 'इल्ला' या दर्शक सर्वनामांपासून निघाली आहेत, आणि त्यांचा अर्थच मुळी 'तो' आणि 'ती'. लॅटिन बोलणारी माणसे बोलण्याच्या ओघात नामांपूर्वी 'तो' आणि 'ती' लावीत गेली, आणि त्या लावण्याचीच पुढे उपपदे झाली. मराठी मुलास 'ला नोत्ते' म्हणजे जवळजवळ 'ती रात्र' असे सांगितले तर त्यात भाषेचा इतिहासही खोटा ठरत नाही.

लिंग सोबत्यात राहते याचा पुरावा इटलीच्या राजकारणातही सापडतो. 'प्रेसिदेन्ते' हा एकारान्त शब्द स्त्रीपुरुष दोघांसही चालतो. भेद केवळ इल की ला एवढाच. २०२२ साली जोर्जा मेलोनी या इटलीच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्या कार्यालयाने त्यांच्या पदनामापूर्वी 'इल' हे पुल्लिंगी उपपद वापरले, तेव्हा त्या देशात केवढा वाद माजला! दोन अक्षरांच्या उपपदावर वृत्तपत्रांचे रकाने खर्च झाले. त्यापूर्वी शंभर वर्षे, १९२० साली, गाब्रिएले दान्नुन्त्सियो या कवीने मोटारींचे कारखानदार जोव्हान्नी आन्येल्ली यांस पत्र लिहून मोटारगाडी ही स्त्रीलिंगीच होय असा निर्वाळा दिला होता. कारण तोवर लोक तिला दोन्ही लिंगांत वापरीत होते. आमच्याकडे मोटार आली ती गाडीच्या मागोमाग स्त्रीलिंगी होऊन बसली; तिच्यासाठी कोणा कवीस लेखणी उचलावी लागली नाही.

वचनाच्या बाबतीत तर इंग्रजीच्या खिडकीतून इटालियन पाहण्याचा हट्ट हास्यास्पद होतो. इंग्रजीत अनेकवचन म्हणजे बहुधा शब्दाच्या शेवटी 'स'कार जोडणे. इटालियन शब्दास काही जोडावयाचे नसते. त्याचा अन्त्य स्वर बदलावयाचा असतो. मराठीत आपण दुसरे काय करतो? घोडा–घोडे, वाट–वाटा, भिंत–भिंती, नदी–नद्या, मडके–मडकी. एकाही ठिकाणी 'स'काराचे नाव नाही. आणि जे शब्द अनेकवचनात बदलत नाहीत तेही आम्हांस नवे नाहीत: एक देव, पुष्कळ देव, एक लाडू, दहा लाडू, एक शाळा, अनेक शाळा. तेव्हा 'चित्ता', म्हणजे शहर, हा शब्द अन्त्य स्वरावर आघात असल्यामुळे अनेकवचनात तसाच राहतो, किंवा 'बार', 'फिल्म' हे परके शब्द तसेच राहतात, हे ऐकून मराठी मूल चकित होणार नाही. इंग्रजीने इटालियन अनेकवचनांचे काय केले हे पाहावयाचे असेल तर उपाहारगृहात जावे. 'पानीनो' म्हणजे भरलेला एक पाव. 'पानीनी' हे त्याचे अनेकवचन. इंग्रजीने ते अनेकवचनच एकवचन समजून उचलले, त्यास पुन्हा स्वतःचा 'स'कार जोडला, आणि आम्ही ते तसेच ताटात घेतले.

विशेषणांचेही तेच. इंग्रजी विशेषण कोणत्याही नामापुढे निर्विकार उभे राहते. इटालियनमध्ये लीब्रो रोस्सो, लीब्री रोस्सी. कासा रोस्सा, कासे रोस्से. म्हणजे तांबडे पुस्तक व तांबडी पुस्तके, तांबडे घर व तांबडी घरे. हा मेळ इंग्रजीच्या द्वारा समजावावयाचा तर एक प्रकरण लिहावे लागते. मराठी मुलास 'काळा घोडा, काळे घोडे. काळी गाय, काळ्या गाई' इतके आठवून दिले की पुरे. आणि मराठीत 'लाल', 'सुंदर' ही विशेषणे बदलत नाहीत, तशीच इटालियनमध्ये 'ब्लू', 'रोसा' ही बदलत नाहीत, हेही त्याच ओघात सांगता येते.

आता अशा एका गोष्टीकडे वळू की जिच्यापाशी इंग्रजी पुस्तिका थांबते आणि 'येथे विचारू नका' म्हणून खूण करते. अंड्यास इटालियनमध्ये 'उओवो' म्हणतात. तो शब्द पुल्लिंगी. ताजे अंडे म्हणजे 'लुओवो फ्रेस्को'. परंतु अनेकवचन 'उओवी' होत नाही, 'उओवा' होते, आणि ते स्त्रीलिंगी: 'ले उओवा फ्रेस्के'. एक अंडे पुरुष आणि दोन अंडी स्त्रिया! रंगाच्या पेटीतून याला उत्तर निघत नाही. उत्तर इतिहासात आहे. लॅटिनमध्ये तिसरे लिंग होते. 'ओवुम' हे नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन 'ओवा'. पुढे बोलीत नपुंसकलिंग बुडाले. त्याची एकवचने पुल्लिंगात मिसळली, आणि आकारान्त अनेकवचने स्त्रीलिंगी एकवचनासारखी दिसत असल्यामुळे लोकांनी त्यांतील कित्येक स्त्रीलिंगी मानली. 'ब्राच्चो–ब्राच्चा' म्हणजे बाहू, 'लाब्ब्रो–लाब्ब्रा' म्हणजे ओठ, ही त्याच बुडालेल्या गलबताची वर तरंगणारी फळकुटे होत. त्यांचे पाहून काही मूळचे पुल्लिंगी शब्दही त्या कळपात शिरले: 'दीतो–दीता' म्हणजे बोट आणि बोटे, आणि 'मूरो', म्हणजे भिंत, याची तर दोन अनेकवचने झाली, घराच्या भिंती त्या 'ई मूरी' आणि शहराची तटबंदी ती 'ले मूरा'. लुक्का शहरात जो तट आजही उभा आहे तो 'ले मूरा'.

हे सारे आमच्या मुलास कठीण वाटेल काय? त्याने नपुंसकलिंग गमावलेलेच नाही! संस्कृताचे तिसरे लिंग हिंदीने टाकले. मराठी, कोंकणी, गुजराती यांनी राखले. आणि नपुंसकलिंगी अनेकवचन व स्त्रीलिंगी एकवचन एकसारखे दिसणे ही जी गोष्ट लॅटिनमध्ये घडली, ती मराठीत रोज घडते. 'अंडी फुटली' आणि 'बरणी फुटली'. 'चांगली मुले' आणि 'चांगली मुलगी'. जुन्या लेखनात या अनेकवचनावर अनुस्वार तरी असे. १९६२ च्या नियमांनंतर तोही गेला. तरी अंड्यांस कोणते मूल नदीसारखे स्त्रीलिंगी समजते? ज्या आडवळणावर इटलीची बोली एका लिंगातून दुसऱ्या लिंगात घसरली, त्याच आडवळणावरून मराठी मूल दिवसातून दहा वेळा न घसरता जाते. अशा मुलास त्याच्या भाषेचे एक अक्षरही न उच्चारता, इंग्रजीतून 'हे अनियमित आहे, पाठ कर' म्हणून सांगणे, याला शिक्षण म्हणावे की विस्मरण?

मराठी व इटालियन सर्वत्र जुळतात असे आमचे म्हणणे नाही. भेद आहेत आणि तेही बोधप्रद आहेत. आलेस्सांद्रो मांझोनीच्या प्रसिद्ध कादंबरीचे नाव 'ई प्रोमेस्सी स्पोसी'. १८२७ साली ती प्रथम निघाली आणि पुढे १८४० ते १८४२ या काळात सुधारून निघाली. वाङ्निश्चय झालेल्या एका मुलाची व एका मुलीची ती कथा. उपपद, विशेषण व नाम, तिन्ही पुल्लिंगी अनेकवचनी. कारण जोडीत एक पुरुष असला की इटालियन भाषा सर्वांस पुल्लिंगी करते. मराठी तसे करीत नाही. मुलगे आणि मुली एकत्र आल्या की आपण नपुंसकलिंगात जाऊन 'मुले आली' म्हणतो. हा भेद मुलापुढे ठेवला तर ते दोन्ही भाषांविषयी एकदम काही शिकेल. तो भेद दाखविण्यासाठी मात्र मराठी भाषा वर्गात येऊ दिली पाहिजे.

येथे दोन आक्षेप येतील, त्यांस उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, मातृभाषा मध्ये आणली तर मूल मराठी शब्दाचे लिंग इटालियन शब्दावर लादील. 'हात' पुल्लिंगी म्हणून 'मानो' पुल्लिंगी करील, 'दूध' नपुंसकलिंगी म्हणून 'लात्ते'पाशी अडखळेल. हे कधी कधी होईल. परंतु मराठीचे दार लावून घेतल्याने ते टळते, असे कोणी मानू नये. मातृभाषा डोक्याबाहेर ठेवून वर्गात येणारे मूल अद्याप जन्मास आलेले नाही. मराठीतून घ्यावयाचे ते शब्दाशब्दाचे लिंग नव्हे, लिंग ओळखण्याची रीत होय. शिवाय एकाच वस्तूस दोन भाषांत दोन लिंगे असू शकतात, हे मूल मराठीतच पाहू शकते: झाड ते केळ, स्त्रीलिंगी, फळ ते केळे, नपुंसकलिंगी. इटालियनमध्ये सफरचंदाचे झाड 'मेलो' पुल्लिंगी आणि फळ 'मेला' स्त्रीलिंगी. ज्याने केळ आणि केळे यांत कधी गोंधळ केला नाही, त्याला मेलो आणि मेला यांचा बाऊ का वाटावा?

दुसरा आक्षेप अगदी उलट्या दिशेने येतो. मुलांस व्याकरण मुळीच नको. गाणी म्हणावी, खेळ खेळावे, लिंगवचन आपोआप येईल, असे हे नवमतवादी सांगतात. यांच्या बाजूस एक मोठा साक्षीदार आहे, तो त्यांस ठाऊक नसावा म्हणून आम्हीच सांगतो. लिंग हे लोकव्यवहारावर अवलंबून असल्यामुळे ते शिकविण्याचा विषय नव्हे, असे पतंजलींनी महाभाष्यात म्हणून ठेवले आहे. मत थोर आहे. परंतु त्यातील 'लोक' हा शब्द विसरू नये. फ्लॉरेन्समधील मुलाभोवती जन्मापासून सारे लोक 'ला मानो' म्हणत असतात. पुण्यातील अथवा नागपुरातील मुलास आठवड्यातून दोन तास इटालियन ऐकू येते. त्याच्यापुरते 'लोक' म्हणजे शिकविणारा एकटा मनुष्य. तेव्हा त्या मनुष्याने गाणी अवश्य म्हणावी. पण गाण्यातील उपपदाकडे बोट दाखविण्याचे काम त्याला चुकविता येणार नाही.

मग करावे काय? आमच्या मते क्रम सोपा आहे. पहिले काही आठवडे एकही नाम उपपदावाचून उच्चारू नये. 'मानो' म्हणजे हात असे नव्हे, 'ला मानो' म्हणजे हात, असेच सांगावे. वहीतही तसेच लिहवून घ्यावे. ओकारान्त, आकारान्त, एकारान्त शब्द पहिल्यापासून एकत्र मिसळावे, म्हणजे शेपटीवर विसंबण्याची खोड लागणारच नाही. त्यानंतर दोन-चार रंगांची विशेषणे घालावी. त्यानंतर अनेकवचन, तेही उपपदासह जोडीने: ला कासा–ले कासे, इल फ्योरे–ई फ्योरी, ला नोत्ते–ले नोत्ती. पन्नास-साठ शब्द असे कानावरून गेले म्हणजे नियम कोणता तो मुलासच विचारावा. ते सांगेल, आणि स्वतः काढलेला नियम त्याला पाठ करावा लागणार नाही. 'आमीको'चे 'आमीची' होते पण 'लागो', म्हणजे तळे, याचे 'लागी' होते, असल्या उच्चाराच्या गोष्टी मागाहून याव्या. अंड्याची गोष्ट शेवटी सांगावी, आणि लॅटिनच्या तिसऱ्या लिंगासह सांगावी. मुलांस गोष्टी आवडतात, आणि ही खरी आहे. कार्लो कोल्लोदीची पिनोक्क्योची कथा १८८१ ते १८८३ या काळात मुलांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचे नावच 'ले आव्वेन्तूरे दी पिनोक्क्यो' असे आहे. त्या पहिल्या दोन शब्दांत उपपद, लिंग व वचन यांचा सारा धडा आलेला आहे. मुलाने ते नाव आपणहून उलगडले की पाया घातला गेला असे समजावे.

इंग्रजीविषयी आम्हांस द्वेष नाही. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर तीच शिकविली आहे आणि तिचे ऋण तो मानतो. परंतु जगातील प्रत्येक भाषेकडे जाण्याचा रस्ता इंग्रजीच्याच अंगणातून जातो, ही समजूत आता सोडली पाहिजे. तिच्या पायी इटालियन भाषेचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते मराठीचे. आपल्या घरच्या बोलीत लिंगांचे, वचनांचे, विशेषणांच्या मेळाचे एवढे ज्ञान साठलेले आहे, आणि ते परक्या भाषेच्या दारात किल्लीसारखे चालते, हे ज्या मुलास कळले, ते मूल मराठी व्याकरणास कंटाळवाणा विषय म्हणणार नाही. मोरो केशव दामले यांचे १९११ चे शास्त्रीय मराठी व्याकरण कपाटात धूळ खात पडलेले असेल तर ते कदाचित खाली काढील. उलट ज्या मुलास पहिल्याच दिवशी सांगितले गेले की, भाषा समजण्यासाठी तुझी भाषा बाहेर ठेवून ये, त्याने ती पुढे बाहेरच ठेवली तर दोष कोणाला द्यावा? आईबापांनी पुस्तिका विकत घेण्यापूर्वी एवढा प्रश्न स्वतःस विचारावा, आणि शिकवणीस पाठविण्यापूर्वी शिकविणारास विचारावे, की तुम्ही मुलांना 'मानो' सांगता की 'ला मानो'? उत्तरावरून पुढचे ठरविणे कठीण जाणार नाही.